बळ कोणाचं? (गीता ७.११)



आजचं वाचन : गीता, अध्याय ७, श्लोक ११.

सातव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतायत, मी कुठे कुठे सापडेन. पाण्याची चव मी, चंद्रसूर्याचा प्रकाश मी, अशी ती ओळख चालली आहे. अकराव्या श्लोकात ते बळाकडे येतात. बलवानांच्या अंगी जे बळ आहे तेही मीच, असं म्हणतात, आणि तिथेच एक अट घालतात. त्या बळात काम नसावा आणि राग नसावा. पाण्याच्या चवीला अशी अट नाही, प्रकाशाला नाही. बळाला आहे.

इथला राग म्हणजे संताप नव्हे. शंकराचार्यांनी भाष्यात केलेली फोड सोपी आहे. जे आपल्यापाशी नाही त्याची तहान म्हणजे काम, आणि जे हाती आलंय त्यात जीव अडकणं म्हणजे राग.

या श्लोकाचा दुसरा अर्धा भाग आपण घाईत सोडून देतो. तिथे भगवंत म्हणतात की धर्माला धरून असलेली इच्छाही मीच. म्हणजे अंग कमवावंसं वाटणं, शर्यतीत पहिलं यावंसं वाटणं, खाकी वर्दी अंगावर यावी असं वाटणं, यात वाईट काही नाही. इच्छा कोणत्या वाटेने चालते, एवढंच बघायचं.

आज हा श्लोक एका खऱ्या प्रश्नासमोर धरून वाचू या.

"कोनाचं काय बिघडते?"

माझ्या ओळखीतला एक पोरगा अकोल्यात राहतो. वय २१. पहाटे मैदानावर पळतो, संध्याकाळी जिमला जातो, शनिवारी मारुतीला तेल वाहतो, आणि हे रोजचं चिंतनही वाचतो. परवा त्याचा फोन आला.

"दादा, जिममधले पोरं इंजेक्शन घेऊन राह्यले. तीन महिन्यांत अंग बनते. मले मेडल नाही पायजे, टीव्हीवर याचं नाही. म्या घेतलं त कोनाचं काय बिघडते?"

प्रश्न खरा आहे. त्याला "हे पाप आहे" म्हणून फोन ठेवून देणं सोपं होतं. पण पाप का, हे सांगता येत नसेल तर आपलं सगळं वाचन कोरडंच राहिलं म्हणायचं. म्हणून त्याच्याशी जे बोललो ते इथे नीट मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. दम्याच्या पंपात असतं तेही स्टिरॉइड, पण ते वेगळं. डॉक्टरांनी दिलं असेल तर ते घ्यावं, बंद करू नये. आपण बोलतोय ते स्नायू वाढवणाऱ्या ॲनाबॉलिक स्टिरॉइडबद्दल, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनबद्दल आणि त्याच्या नकलांबद्दल. शिवाय आपल्याकडे जिमच्या आणि भरतीच्या पोरांमध्ये मेफेंटरमाइनचं इंजेक्शन शिरलंय. ते स्टिरॉइडही नाही. भूल दिल्यावर रोग्याचं रक्तदाब खाली गेलं तर वर आणायला वापरतात ते औषध. धडधाकट पोराने ते टोचून घेतलं की छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि सवय लागते. महाराष्ट्रात त्याचे साठे पोलिसांनी आणि अन्न-औषध प्रशासनाने वेळोवेळी पकडले आहेत.

बाहेरचं बळ आलं की आतलं थांबतं

स्टिरॉइडचं शरीरात काय होतं ते बघा. बाहेरून हार्मोन येऊ लागलं की शरीराला वाटतं, आता आपल्याला बनवायची गरज नाही. ते स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं बंद करतं. वृषणं आक्रसतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, कधी पुरुषाची छाती बाईसारखी वाढते. गोळ्यांचा मार यकृतावर बसतो. चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, वाईट वर चढतं, हृदयाची भिंत जाड होते. वाढीच्या वयातल्या पोराने घेतलं तर हाडांची टोकं वेळेआधी बंद होऊन उंची खुंटू शकते. पोलीस शिपाई व्हायला पुरुषाला किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते, हे त्या पोराला मी मुद्दाम सांगितलं.

पण आजच्या श्लोकाच्या दृष्टीने मला यातली पहिलीच गोष्ट मोठी वाटते. बाहेरून आणलेलं बळ आतल्या बळाचं दुकान बंद पाडतं. जे भगवंताने अंगात ठेवून पाठवलं, तेच निजून जातं.

मग एक दिवस पोरगा इंजेक्शन थांबवतो. आत काही तयार नसतं. थकवा येतो, मन खचतं, आरशात दंड उतरलेले दिसतात, आणि ते उतरू नयेत म्हणून पुन्हा पुढचा कोर्स. शंकराचार्यांची फोड आठवा. आणखी हवंय, हा झाला काम. आहे ते जाऊ नये, हा झाला राग. श्लोकात ज्या दोन गोष्टी बळात नसाव्यात म्हटलंय, त्या दोन्ही या बाटलीत भरूनच येतात.

मेहनत तर तोही करतो ना?

यावर तो पोरगा म्हणाला, "पन दादा, इंजेक्शन घेऊन कोनी झोपत नाही. दुप्पट वजन उचलते त्यायले."

बरोबर आहे. स्टिरॉइडवाले आळशी असतात असं म्हणणं खोटं होईल. म्हणून अकोल्याचंच एक उदाहरण घेऊ.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेचं पाणी येतं. १९४४ पासूनची ही रीत. पोरं गांधीग्रामला जातात, नदीत भरणे भरतात आणि सुमारे १८ किलोमीटर कावड खांद्यावर घेऊन अनवाणी येतात. काही मंडळांच्या कावडींना शेकडो भरणे बांधलेले असतात, खांदे सोलून निघतात. आता समजा एका मंडळाने अर्ध्या वाटेपर्यंत कावड टेम्पोत ठेवली आणि शहराच्या वेशीवर खांद्यावर घेतली. पाणी पूर्णेचंच आहे. राजेश्वरावर धारही तीच पडेल. आणि उरलेली वाट तर पोरं खरोखर चालली, घामही गाळला.

तरीही आपल्या मनाला ते टोचतं. कारण कावड ही पाणी पोचवायची सोय नाहीच. नुसतं पाणीच हवं असतं तर टँकर होता. चालणं हाच नैवेद्य आहे. पाणी त्या चालण्याची खूण म्हणून वाहायचं.

व्यायामाचंही तसंच आहे. नुसते दंड हवे असते तर गोष्ट वेगळी होती. पण दंड हे कशाची तरी खूण आहेत. पहाटे उठल्याची, पोटाला आवरल्याची, काल जमलं नाही ते आज पुन्हा करून पाहिल्याची. औषधाने वाढलेला दंड ती साक्ष देतो, पण अर्धी खोटी देतो. आणि ही साक्ष आधी स्वतःलाच दिलेली असते.

संजीवनीचं काय?

"मग हनुमंतानं बी औषध आनलंच की," असं कोणीतरी म्हणेलच. मला हा आक्षेप आवडतो, कारण उत्तर त्याच गोष्टीत आहे.

द्रोणागिरी आणला तो कोणासाठी? मूर्च्छित पडलेल्या लक्ष्मणासाठी. जखमी उठावा, श्वास परत यावा म्हणून. युद्धाला जाण्याआधी वानरांना रांगेत उभं करून कोणी वनस्पतीचा रस पाजला नाही. हनुमंताचं स्वतःचं बळही त्याने बाहेरून मागितलं नाही. तो ते विसरला होता. समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून दिली आणि तो उभा राहिला. चांगला उस्ताद असाच असतो. तो पोराच्या अंगात नवीन काही घालत नाही, आत आहे ते बाहेर काढतो.

आजाऱ्याला औषध देणं हा धर्म आहे. ज्याचं शरीर हार्मोन बनवतच नाही, त्याला डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतात, आणि त्यात काही गैर नाही. धडधाकट शरीराला आजाऱ्याचं औषध टोचणं ही गोष्ट निराळी.

"मग प्रोटीन पावडर? क्रिएटिन? पळण्याआधी कॉफी?" रेष कुठे ओढायची, हा प्रश्न शिल्लक राहतोच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था एखादा पदार्थ यादीत घालताना तीन निकष बघते: त्याने कामगिरी वाढते का, तब्येतीला धोका आहे का, आणि तो खेळाच्या भावनेच्या विरुद्ध जातो का. तीनपैकी दोन लागू झाले की बंदी येऊ शकते. मजा बघा, इतक्या प्रयोगशाळा असूनही त्यांना तिसरा निकष लिहावाच लागला, आणि तो कोणत्याही नळीत मोजता येत नाही.

घरी वापरायला माझी कसोटी साधी आहे. जे घेतोस ते आईसमोर, उस्तादासमोर आणि शेजारी पळणाऱ्यासमोर मोठ्याने सांगता येतं का? अंडी, चणे, प्रोटीनचा डबा सांगता येतो. बाथरूमची कडी लावून घ्यावं लागतं ते सांगता येत नाही.

हौशी माणसाकडे असतं काय?

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मेडल नको, बक्षीस नको, मग काय बिघडतं?

आपण सगळे इथे उलटा विचार करतो. आपल्याला वाटतं की व्यावसायिक खेळाडूने घेतलं तर मोठा गुन्हा, हौशी पोराने घेतलं तर किरकोळ. मला वाटतं हौशी माणसाचं नुकसान जास्त आहे. व्यावसायिक खेळाडूला निदान पोट दिसतं, करार दिसतो, देश बघतोय असं वाटतं. त्याने चूक केली तर कशाच्या तरी बदल्यात केली. हौशी माणसाकडे बदल्यात मिळण्यासारखं काही नसतंच. त्याच्याकडे फक्त तो खेळ असतो, करण्यातला आनंद असतो. फळावर डोळा न ठेवता कर्म करणं आपण गीतेत वाचतो. पहाटे कोणी बघत नसताना मैदानावर पळणारा हौशी पोरगा ते न वाचताही करत असतो. त्यानेच लबाडी केली तर हातात उरलं काय?

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. प्रात्यक्षिकाला पदक नसतं. अमरावतीची पोरं सातासमुद्रापार गेली ती जिंकण्यासारखं काही नसताना, नुसतं दाखवायला, की आमच्याकडे शरीर असं कमावतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, युरोपातल्या प्रयोगशाळांत टेस्टोस्टेरॉन कृत्रिमरीत्या तयार झालं होतं. मैदानावर यायला त्याला अजून अवकाश होता. दोन वाटा जवळजवळ एकाच वेळी निघाल्या. आपण कोणत्या वाटेचे वारस, ते आपणच ठरवायचं.

दुसऱ्या वाटेवर पुढे काय झालं तेही माहीत असू द्या. पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना स्टिरॉइड देत असे, कित्येक कोवळ्या मुलींना तर जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून. हायडी क्रीगर ही त्यांतलीच एक. १९८६ मध्ये तिने गोळाफेकीत युरोपियन सुवर्णपदक जिंकलं. त्या औषधांनी तिचं शरीर इतकं बदललं की स्वतःची ओळखच हरवली. पुढे शस्त्रक्रिया करून ती आंद्रेयास क्रीगर झाली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयात हे सगळं उघड सांगितलं गेलं. जिममध्ये कोणी "विटामिन हाय रे" म्हणत बिनलेबलचं काही पुढे केलं, तर हे आठवा.

आणि "मला माहीत नव्हतं" हे नंतर कामी येत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडायनोन या स्टिरॉइडच्या चाचणीत अडकला. आपल्या खाण्यात कोणीतरी मिसळलं, असं तो सांगत राहिला. भारतात त्याचं म्हणणं मान्य झालं, पण क्रीडा लवादाने ते स्वीकारलं नाही आणि लढतीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. त्यात खरं काय होतं, याचा निवाडा मी करणार नाही. नियम मात्र स्पष्ट आहे: अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. इतक्या मोठ्या पैलवानाची ही गत, तर आपण कोणाच्या भरवशावर कोणाचाही डबा उघडतो?

भरतीचं मैदान

इथवर तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "दादा, खरं सांगू? भरती हाय समोर."

इथे मला जपून बोलावं लागतं. भरतीचा पोरगा हौशी नसतो. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशीला भाव नाही, बहिणीचं लग्न व्हायचंय, आणि वय निघून चाललंय. त्याला एसीत बसून निष्काम कर्म शिकवणं मला शोभत नाही.

पण हिशेब तरी नीट मांडू. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना ५० गुण असतात. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. यादी एकेका गुणावर तुटते. औषधाने तू दोन गुण वर गेलास, तर कोणीतरी यादीबाहेर जातो. तो कोणी मोठा साहेब नसतो. तो दर्यापूरचा नाहीतर बाळापूरचा तुझ्यासारखाच पोरगा असतो. त्याच्याही बापाची कपाशीच आहे, तोही पहाटे चारला उठला, आणि त्याने टोचून घेतलं नाही. त्याला कधी कळणारही नाही की आपली नोकरी कुठे गेली. "कोनाचं काय बिघडते" याचं उत्तर तो आहे. त्याचा चेहरा तुला दिसत नाही, एवढंच.

आणखी एक. आज तू घेतलंस की पुढच्या भरतीत तुझ्या शेजारच्याला घ्यावं लागेल, मग सगळ्यांनाच. तेव्हा फायदा कोणालाच उरणार नाही. धोका मात्र सगळ्यांच्या अंगात राहील. आणि ज्या नोकरीत दुसऱ्याची चोरी पकडायची, तिचं पहिलं पाऊलच असं पडेल.

जे बळ भ्यायला लावतं

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत राज्य पातळीवरच्या ॲथलेटिक्स स्पर्धा होत्या. तपासणी अधिकारी आल्याची बातमी पसरली. १०० मीटरच्या अंतिम फेरीत आठ जण पळायचे होते, प्रत्यक्षात एकटाच पळाला. बाकीचे का आले नाहीत, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण स्टेडियमच्या बाथरूममध्ये वापरलेल्या सुया पडलेल्या दिसल्या, एवढं साऱ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षी भारतात तपासलेल्या ५६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं.

मला त्या रिकाम्या सात पट्ट्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. बळ कशासाठी असतं? भीती जावी म्हणून. शनिवारी मारुतीसमोर आपण तेच तर मागतो. जे बळ आल्यावर बाटली हातात घेतलेल्या अधिकाऱ्याची भीती वाटते, सुई उतरेल याची वाटते, आरशाची वाटते, त्याला बळ म्हणायचं कसं? आजच्या श्लोकातली अट मला इथे कळते. भगवंत बक्षीस राखून ठेवत नाहीत. ते फक्त ओळख सांगतायत: हाव आणि धास्ती जिथे नाही, ते बळ माझं.

ज्यांनी सुरू केलंय त्यांच्यासाठी

हे वाचणाऱ्यांत काही जण आधीच घेत असतील. तुम्हाला इथे कोणी हाकलून देत नाही. फक्त एक करा. लपून सुरू केलं तसं लपूनच एकदम थांबवू नका. डॉक्टरांकडे जा, काय आणि किती घेतलं ते खरं सांगा, रक्त, यकृत, हृदय तपासून घ्या. थांबवल्यावर काही आठवडे मन फार खाली जाऊ शकतं. त्या दिवसांत एकटे राहू नका. घरात एकाला तरी सांगा. कडी उघडली की अर्धं ओझं तिथेच उतरतं.

आणि जे घेत नाहीत त्यांनी घेणाऱ्याला हसू नका. त्याला काही तरी कमी पडतंय असं वाटलं म्हणून तो तिकडे गेला. त्याच्यासोबत पहाटे पळायला जा.

आजचा संकल्प

आज व्यायाम झाल्यावर, घाम सुकायच्या आत, दोन मिनिटं शांत उभे राहा. आज जेवढं जमलं तेवढं मोजा. दहा जोर झाले असतील तर दहा. मग मनात म्हणा, देवा, हे दहा तुझे आहेत, अकरावा तू देशील तेव्हा. ज्याला हे खऱ्या मनाने म्हणता आलं, त्याला आजचा श्लोक कळला.

उद्याचं वाचन : अध्याय ७, श्लोक १२.

राम कृष्ण हरी.